पर्किन्सबाईंची यादी

मंत्रिपदाचे बोलावणे आले म्हणजे माणसे सामान्यतः दोनच गोष्टींची विवंचना करतात, खाते कोणते पदरात पडणार आणि शपथविधीला कोणाकोणास बोलवावयाचे. परंतु १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात, अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या न्यूयॉर्कमधील राहत्या घरी फ्रान्सिस पर्किन्स या बावन्न वर्षांच्या बाईंना मजूरखाते देऊ केले, तेव्हा त्या कागदावर टिपून आणलेली कामांची एक यादी हाती घेऊनच त्यांच्यासमोर बसल्या होत्या. आठवड्याचे चाळीस तास, किमान वेतन, बेकारी भत्ता, कामावर इजा झाल्यास भरपाई, वृद्धापकाळी निवृत्तिवेतन, बालमजुरीची बंदी, बेकारांना मध्यवर्ती सरकारची मदत, सरकारी रोजगार कचेऱ्यांची पुनर्रचना आणि आजारपणाचा विमा, अशी ती यादी होती. आणि एवढे सगळे करण्याची आपली तयारी असेल तरच मी येते, एरवी आपण दुसरे कोणी पाहावे, असे त्यांनी अध्यक्षांना स्वच्छ सांगितले. रूझवेल्ट यांनी होकार दिला. ४ मार्च १९३३ रोजी त्या मंत्रिमंडळात रुजू झाल्या आणि ३० जून १९४५ पर्यंत त्या पदावर राहिल्या. अमेरिकेच्या इतिहासात मंत्रिमंडळात बसणारी ही पहिली स्त्री, आणि त्या देशाचे मजूरखाते इतकी वर्षे दुसऱ्या कोणीही सांभाळलेले नाही.

आदिलाबादच्या वाचकाला या परदेशी बाईंचे चरित्र कशासाठी सांगावे, असे कोणी विचारील, तर त्याला आमच्या जिल्ह्याचा जुना नकाशा दाखवावा लागेल. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे मुलूख ज्याच्या पोटात होते, आणि २०१६ मध्ये ज्याचे चार जिल्हे झाले, त्या जुन्या आदिलाबादेत बेल्लमपल्ली आणि मंदमर्रीच्या कोळशाच्या खाणी होत्या, कागजनगरची कागदाची गिरणी होती, निर्मळच्या बाजूला घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका होत्या, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी गोंड-कोलाम कुटुंबे होती, आणि पैनगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीतला कापूस पिळून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते. मजुराच्या हक्कासंबंधी जे काही कायद्याच्या पुस्तकात आहे आणि जे त्यातून निसटले आहे, ते दोन्ही या एका टापूत पाहावयास मिळते; आणि हे दोन्ही कसे घडते, म्हणजे दुःखाचे कलम कसे होते आणि कलमातून माणसे कशी गळतात, हे समजून घ्यावयाचे तर पर्किन्सबाईंच्या कारकिर्दीइतके बोधप्रद उदाहरण मिळणे कठीण.

त्यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन शहरी, एका सुस्थित आणि कर्मठ घराण्यात झाला, आणि बालपण वूस्टर या गावी गेले. माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेतले; परंतु तेथे आर्थिक इतिहास शिकविणाऱ्या एका अध्यापिकेने आपल्या विद्यार्थिनींना आसपासच्या गिरण्यांत पाठवून तेथील कामगारांच्या स्थितीची नोंद करून आणावयास लावले, आणि दारिद्र्य म्हणजे आळसाचे किंवा दारूचे फळ ही घरात ऐकलेली समजूत तेथेच ढासळली. पुढे शिकागोच्या झोपडपट्टीत चालणाऱ्या हल हाउस या सेवाकेंद्रात त्यांनी काम केले आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाच्या कार्यवाह झाल्या. हा सारा तपशील चरित्रकारांच्या कामाचा आहे. आपण सरळ २५ मार्च १९११ या तारखेकडे यावे हे बरे.

तो शनिवार होता. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकानजीक एका मैत्रिणीच्या घरी पर्किन्सबाई चहाला गेल्या असता दुपारी पावणेपाचच्या सुमारास रस्त्यावर बंबांच्या घंटा वाजू लागल्या, आणि इतरांबरोबर त्याही धावत बाहेर पडल्या. चौकाजवळच्या दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल नावाचा बायकांच्या झंपरांचा कारखाना होता. तेथे कापडाच्या चिंध्या टेबलांखालच्या पेट्यांत साठवीत असत, आणि आठव्या मजल्यावरच्या अशाच एका पेटीत ठिणगी पडली. नवव्या मजल्यावरच्या मुलींना वर्दी उशिरा पोहोचली. त्यांच्या मजल्यावरील जिन्याच्या दोन दारांपैकी एकाला कुलूप होते. काम सुटल्यावर बाहेर पडताना प्रत्येकीची पिशवी तपासता यावी म्हणून मालकांनी ते घालून ठेवले होते. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने मोडून पडला. बंबवाल्यांची सर्वांत उंच शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती, आणि पर्किन्सबाई खाली उभ्या असताना वरून मुली, कोणी एकमेकींचे हात धरून, खाली उड्या टाकीत होत्या. एकूण १४६ माणसे मेली, त्यांत १२३ स्त्रिया. बहुतेक इटलीतून आणि पूर्व युरोपातून पोटासाठी आलेल्या, आणि कित्येक तर अजून विशीतही न पोहोचलेल्या. दोन्ही मालकांवर खटला झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंचांनी त्यांना निर्दोष सोडले.

आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे मूळ ३८ वे कलम ज्याने वाचले असेल, त्याला या कुलपाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. खोलीत एकही मनुष्य आत आहे तोवर बाहेर पडण्याचे दार आतून तत्काळ आणि सहज उघडणार नाही अशा रीतीने कुलूपबंद करू नये, आणि सरकते दार नसेल तर ते बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, असे त्यात लिहिले होते. त्याच अधिनियमाच्या २७ व्या कलमात आमच्या जिनिंगवाल्यांच्या ओळखीचा मजकूर होता: कापसाच्या प्रेसिंगमध्ये रुई मोकळी करणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास लावू नये, मात्र माल घालण्याची बाजू आणि रुई पडण्याची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत, किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल तितक्या उंचीपर्यंत, आडभिंत असेल तर घालण्याच्या बाजूस त्यांना ठेवता येईल. ज्याने आदिलाबादेत हंगामाच्या भरात जिनिंगच्या दारात उभे राहून पाहिले आहे, डोक्याला फडके गुंडाळून आणि पदराचा शेव नाकावर ओढून कापसातली कवडी निवडणाऱ्या बायकांच्या भुवया संध्याकाळपर्यंत तंतूंनी पांढऱ्या झालेल्या पाहिल्या आहेत, आणि विडी-काडीच्या मनाईची पाटी व वाळूच्या बादल्या पाहिल्या आहेत, त्याला ती आडभिंत किती मोलाची आहे हे सांगावे लागत नाही. कायद्यातील असल्या नीरस वाक्यांची निंदा करणारांना, त्या प्रत्येक वाक्याखाली कोणाचे तरी प्रेत पडलेले असते, याचा सहसा पत्ता नसतो.

आगीनंतर न्यूयॉर्कात मोठी सभा झाली, भाषणे झाली, निधी जमला, आणि असल्या प्रसंगी सर्वत्र होते त्याप्रमाणे सगळे तेथेच विरून गेले असते. परंतु नागरिकांनी एक सुरक्षा समिती नेमली, तिच्या कार्यवाहपदी पर्किन्सबाई आल्या, आणि राज्य विधिमंडळाने कारखान्यांच्या चौकशीसाठी जो आयोग बसविला त्याच्या तपासाची बरीच सूत्रे त्यांच्या हाती आली. आयोगाचे प्रमुख रॉबर्ट वॅग्नर आणि अल् स्मिथ हे दोघे आमदार मुरब्बी राजकारणी होते, दुष्ट नव्हते, फक्त त्यांनी कारखाना आतून पाहिला नव्हता. पर्किन्सबाईंनी त्यांना अहवाल वाचावयास दिले नाहीत. त्यांनी स्मिथ यांना पहाटे दोरखंडाच्या कारखान्याच्या फाटकाशी नेऊन उभे केले, रात्रभर दहा तास उभ्याने काम करून बाहेर पडणाऱ्या बायकांचे चेहरे पाहावयास लावले, आणि दुसऱ्या एका कारखान्यात वॅग्नर महाशयांना भिंतीतल्या एका लहानशा भोकातून रांगत जाऊन बर्फाने मढलेल्या ज्या शिडीवर उतरावे लागले, ती कागदोपत्री आगीतून सुटकेची वाट म्हणून नोंदलेली होती. त्या आयोगाच्या कामातून पुढील दोन-तीन वर्षांत तीसहून अधिक नवे कायदे झाले. वॅग्नर पुढे राष्ट्रीय विधिमंडळात गेले आणि १९३५ चा कामगार संघटनांना मान्यता देणारा प्रसिद्ध कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो. निरीक्षणाला नेणाऱ्या बाईंचे नाव मागे पडले. त्याची त्यांनी खंत केल्याचे दिसत नाही.

याच काळात त्यांच्या हातून एक तडजोड घडली, आणि ती मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. बायकांच्या कामाचा आठवडा ५४ तासांहून अधिक नसावा असे विधेयक १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे होते. ते वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवले गेले होते, आणि अखेरच्या घटकेला फळे-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतील बायकांना वगळण्याची अट विरोधकांनी घातली, या हिशेबाने की बाई असल्या अटीला राजी होणार नाहीत आणि विधेयक आपोआप पडेल. बाई राजी झाल्या. टिम सुलिव्हन नावाच्या, ज्याचे नाव सज्जनांच्या घरात घेण्यासारखे नव्हते अशा एका राजकीय मुकादमाला गाठून त्याच्या मताने त्यांनी ते विधेयक पार करविले. हजारो बायकांना त्या दिवशी थोडी विश्रांती मिळाली. डबाबंदीच्या कारखान्यांतील बायका मात्र तेवढ्यापुरत्या बाहेरच राहिल्या. निम्मे हाती घ्यावे आणि उरलेल्यासाठी पुन्हा यावे, हा त्यांचा शिरस्ता तेथे ठरला. आणि 'पुन्हा येणे' दरवेळी साधतेच असे नाही, ही त्या शिरस्त्याची दुखरी बाजूही तेथेच दिसली.

अल् स्मिथ गव्हर्नर झाल्यावर १९१९ मध्ये त्यांनी बाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतले, आणि १९२९ मध्ये रूझवेल्ट त्याच गादीवर आल्यावर त्या राज्याच्या औद्योगिक आयुक्त झाल्या. लवकरच महामंदी सुरू झाली. वॉशिंग्टनमधील सरकार रोजगार वाढत आहे म्हणून आकडे प्रसिद्ध करी, आणि पर्किन्सबाई आपल्या दप्तरातील आकडे काढून ते खोटे ठरवीत. असे आकडे जाहीर करण्यापूर्वी रूझवेल्टना विचारण्याचा शिष्टाचारही त्यांनी एकदा पाळला नाही, कारण विचारले असते तर त्यांना नाही म्हणावे लागले असते.

आता पुन्हा त्या यादीकडे वळू. मंत्रिपदावर आल्या तेव्हा देशातील काम करणाऱ्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. सर्वांत अवघड कलम होते वृद्धापकाळाचे आणि बेकारीचे विमे. त्यासाठी अध्यक्षांनी १९३४ च्या जूनमध्ये एक समिती नेमून बाईंना तिचे प्रमुख केले. सर्वोच्च न्यायालय त्या दिवसांत मजुरांच्या बाजूचे कायदे एकामागून एक रद्द करीत होते, म्हणून हा मसुदा कोणत्या पायावर उभा करावा हा मोठा पेच होता. तेव्हा एका चहापानाच्या प्रसंगी त्याच न्यायालयाचे एक न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी बाईंच्या कानात हळूच सुचविले, की सरकारच्या कर बसविण्याच्या अधिकाराचा आधार घ्या, तेवढ्यात सगळे बसते. न्यायमूर्तींनी असे करावे की नाही हा प्रश्न सोवळ्या कायदेपंडितांनी सोडवावा. मजुरांचे भले झाले एवढे खरे. तरीही समितीतील मंडळींचे एकमत होईना, तेव्हा नाताळच्या सुमारास बाईंनी त्या सर्वांना आपल्या घरी बोलावले, टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली, आणि निर्णय झाल्याखेरीज कोणी उठावयाचे नाही असे बजावून मध्यरात्र उलटेपर्यंत बसवून घेतले. निर्णय झाला. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. छायाचित्रात त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पुरुषांत एकच बाई दिसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरील शांततेवरून कोणाला कल्पना येणार नाही, की त्यांचे पती पॉल विल्सन, ज्यांना मनोव्याधी होती, ते उपचारगृहातून नाहीसे झाल्याचा निरोप त्यांना त्याच दिवशी मिळालेला होता. समारंभ आटोपून त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि त्यांना शोधून काढले. घरातील या दुःखाबद्दल त्यांनी चारचौघांत कधी अक्षर काढले नाही. लग्नानंतर माहेरचे नाव ठेवल्याबद्दल जे टोमणे झाले, त्यांनाही उत्तर दिले नाही.

पोशाखाबाबत त्यांचे धोरण ठरलेले होते. काळा साधा झगा आणि तीन कोनांची टोपी. कारण पुरुष बाईला पाहताना तिच्यात आपली आई शोधतात आणि आईचे ऐकतात, असा निष्कर्ष त्यांनी तरुणपणीच काढला होता, आणि पुरुषांच्या मनोव्यापारासंबंधीच्या आपल्या टिपणांचे एक स्वतंत्र पाकीटही त्या बाळगीत असत. ते पाकीट आज कोणी छापले तर त्याचा खप त्यांच्या रूझवेल्ट-चरित्राहून जास्त होईल, अशी माझी समजूत आहे.

किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा मसुदा त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला होता. न्यायालयाचे वारे फिरताच तो बाहेर आला आणि २५ जून १९३८ रोजी कायदा झाला. ताशी किमान पंचवीस सेंट, आठवड्याचे तास आरंभी ४४ आणि दोन वर्षांनी ४०, सोळा वर्षांखालील मुलांना कारखान्यांतून मज्जाव. यादीतील जवळजवळ सगळ्या ओळींवर अशी खूण झाली.

परंतु आता त्या १९१२ च्या तडजोडीची सावली येथे किती लांब पडली होती ते पाहावे लागते. १९३५ च्या वृद्धापकाळ विम्यातून आणि १९३८ च्या वेतनाच्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसे वगळली गेली होती. दक्षिणेकडील राज्यांत ही कामे मुख्यतः कृष्णवर्णीय करीत, आणि विधिमंडळात दक्षिणेकडील सभासदांची मते लागत. वगळण्याला प्रशासनाच्या सोयीची कारणेही पुढे करण्यात आली, कारण घरोघरी आणि शेतोशेती वर्गणी वसूल कोण करणार? कारण काही असो, जी बाई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते आणि जो मनुष्य दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्यांना त्या महान कायद्यात जागा झाली नाही, आणि पर्किन्सबाईंची अपुरी सिद्धी कोठे आहे असे कोणी विचारले तर मी याच ठिकाणी बोट ठेवीन.

नेमक्या याच दोन वर्गांत त्या काळी आपल्याकडे एक मराठी बाई काम करीत होती. पुण्याच्या गोखले घराण्यात जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेऊन भारत सेवक समाजात दाखल झालेल्या गोदावरी परुळेकर यांनी १९३८ च्या सुमारास मुंबईतील घरगडी व मोलकरणी यांची संघटना बांधली, आणि १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना वेठबिगारीतून आणि 'लग्नगडी' या नावाच्या कर्जाच्या गुलामगिरीतून सोडविण्याचा लढा उभारला. त्यांच्या हाती खाते नव्हते, खण नव्हता, अध्यक्षांची सही नव्हती. लाल बावटा आणि पायपीट एवढेच होते. सरकारच्या आत बसलेल्या बाईला जी माणसे कायद्यात घेता आली नाहीत, त्यांच्यापर्यंत सरकारच्या बाहेर उभी असलेली बाई पोहोचली. पण बाहेरच्या लढ्याने वेठ मोडली तरी मोलकरणीला कायद्यात आणावयास आत कोणी तरी लागतेच. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा होण्यास २००८ साल उजाडले.

मजूरमंत्र्याच्या खुर्चीला तडजोड चिकटलेलीच असते, हे आपल्या देशातही दिसून आले आहे. १९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मजूरखाते होते, म्हणजे काही वर्षे वॉशिंग्टनात पर्किन्सबाई आणि दिल्लीत बाबासाहेब एकाच कामावर होते. युद्धात कोळशाचा तुटवडा पडल्यामुळे सरकारने १९४३ मध्ये बायकांना खाणीत भूमिगत काम करण्यास असलेली बंदी उठविली, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती विधिमंडळात त्यावर टीकेची झोड उठली असता त्या निर्णयाचे समर्थन करण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. ही आणीबाणीची तात्पुरती व्यवस्था असून स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळत आहे, अशी त्यांची बाजू होती. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली, आणि त्याच साली कारखान्यांतील आठवडा ४८ तासांवर आला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे असे सांगणाऱ्या त्याच पुरुषाला युद्धाच्या रेट्यात खाणीचे समर्थन करावे लागले, यावरून त्यांची निंदा करणे सोपे आहे. खुर्चीवर बसलेल्याचा हिशेब मात्र त्याने एकंदर काय मिळवून दिले यावरून करावा.

आणि एका बाबतीत दिल्लीच्या खात्याने वॉशिंग्टनला मागे टाकले. पर्किन्सबाईंच्या यादीतील आजारपणाचा विमा हे एक कलम डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे तडीस गेले नाही. आपल्याकडे १९४३ मध्ये प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा तयार करण्याचे काम सोपविण्यात आले, पुढील वर्षी त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा अधिनियम निघाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात आणि दिल्लीत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेतही आपण आधी होतो. १९१९ साली वॉशिंग्टन येथे तिची पहिली परिषद भरली, तेव्हा हिंदी मजुरांच्या वतीने ना. म. जोशी तेथे हजर होते. ज्या देशात ती परिषद भरली त्या देशाने सभासद होण्यास १९३४ साल घेतले, आणि तेही पर्किन्सबाईंच्या खटपटीने.

त्यांच्या शेवटच्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात उरकतो. १९३९ च्या जानेवारीत, गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस याला देशाबाहेर हाकलण्यात कुचराई केली या आरोपावरून त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. पुरावा नसता मनुष्याला हद्दपार करणे कायद्यात बसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि दोन महिन्यांनी समितीने प्रकरण सोडून दिले. मंत्रिपद सोडल्यावर त्या १९५३ पर्यंत मुलकी सेवा आयोगावर होत्या, पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागल्या आणि तेथील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका खोलीत आनंदाने राहिल्या. १४ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, ३० जुलैला, पासष्टी ओलांडलेल्यांपुरता का होईना, आजारपणाचा सरकारी विमा अमेरिकेत कायदा झाला.

आपल्या कामगार विम्याची प्रौढी मात्र आदिलाबादच्या माणसाने जपून मिरवावी. हंगामी कारखाना या विम्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत १९४८ च्या अधिनियमाने नावे घेऊन जी कामे सांगितली होती त्यांत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग ही अग्रभागी होती. २०२० मध्ये संसदेने जुने अधिनियम एकत्र करून जी सामाजिक सुरक्षा संहिता केली, तीतही हंगामी कारखाना वगळलेलाच राहिला. वर्षातले काही महिनेच चालणाऱ्या कामाची वर्गणी गोळा करणे अवघड, हे त्याचे कारण दिले जाते. अमेरिकेत शेतमजुरांविषयी १९३५ साली दिले गेले होते तेच. तेथील शेतमजूर आणि मोलकरणी निदान १९५० नंतर टप्प्याटप्प्याने विम्यात आल्या. आदिलाबादेतून हैदराबादेस आणि दिल्लीस निवडून जाणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा स्वतः वाचून पाहावी, आणि ती बदलण्यासाठी काय केले हे पुढल्या वेळी मते मागावयास येताना सांगावे.